ऑपरेटरचा सुपरवायझर होतो तेव्हा

भोसरीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी साडेसहा वर्षं सीएनसी लेथवर उभा होतो. सातव्या वर्षी एका सोमवारी फर्स्ट शिफ्टला त्याच शॉपचा सुपरवायझर म्हणून आत शिरलो. साडेआठच्या सुमारास बोरिंगवरच्या पोरानं हाक मारली. ४२ मिलिमीटरचा बोअर, शून्य ते अधिक २५ मायक्रॉनच्या आत ठेवायचा, आणि त्याचं माप प्रत्येक जॉबला खाली खाली येत होतं. मी गेलो, त्याला बाजूला सरकवलं, पॅनेलवर ऑफसेट दिला, एक जॉब काढून मोजला. माप मधोमध. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील. इतकं बरं वाटलं की तिथेच थांबून आणखी पाच-सहा जॉब मीच काढले.

तेवढ्या वेळात पलीकडचं मशीन इनसर्टसाठी उभं होतं, कारण स्टोअरच्या चिठ्ठीवर आता माझी सही लागत होती. त्याच्या शेजारचं मशीन पहिल्या जॉबच्या मंजुरीसाठी थांबलं होतं. इन्स्पेक्शनला फोन करणं हेही माझंच काम, आणि ते मला ठाऊकच नव्हतं. दुसऱ्या दिवशी बोरिंगवरच्या पोरानं माप हलायच्या आधीच हाक मारली. त्यात त्याची चूक नव्हती. आदल्या दिवशी मीच त्याला शिकवलं होतं की माप हललं की साहेबांना बोलवायचं.

सुपरवायझर, टीम लीड, शाखाधिकारी, मुख्याध्यापक, वॉर्डची इन्चार्ज सिस्टर. पद कुठलंही असो, पहिल्यांदा माणसं हाताखाली येतात तेव्हा बहुतेकांची सुरुवात अशीच होते. ज्या कामासाठी आपलं कौतुक झालं, नेमकं तेच काम हातातून सुटतं, आणि हात मात्र त्याच्याकडेच धावतात. याला बढती म्हणतात, पण खरं तर तो धंदा बदलणं आहे. सुताराला एक दिवस शिंपी करावं तसं. फरक इतकाच की शिंप्याकडे उमेदवारी करायला कुणी वेळ देत नाही.

हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या लिंडा हिल यांनी १९ नव्या मॅनेजरांचं पहिलं वर्ष जवळून पाहिलं आणि १९९२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. ही माणसं पदावर आली तेव्हा त्यांच्या डोक्यात अधिकार होता: आता मी सांगेन आणि होईल. काही महिन्यांत त्यांच्या लक्षात आलं की आपण पूर्वीपेक्षा जास्त परावलंबी झालो आहोत. हाताखालचे, वरचे, शेजारच्या खात्यातले, सगळ्यांवर आपलं काम अडकून आहे. सही आपली असली तरी काम दुसऱ्याच्या हातून व्हायचं असतं, आणि दुसऱ्याचा हात केवळ हुकमानं चालत नाही. मला हे वाचायला फार उशिरा मिळालं. वाचलं तेव्हा पहिली भावना सुटकेची होती. म्हणजे माझ्या एकट्याचं काही बिघडलेलं नव्हतं.

मग कंपन्या सर्वांत चांगल्या कारागिरालाच वर का चढवतात? लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली यावर पुस्तक लिहिलं. माणूस जे काम चांगलं करतो त्यावरून त्याला वरचं काम दिलं जातं, असं करत करत तो अशा पायरीवर पोचतो जिथलं काम त्याला जमत नाही, आणि तिथेच राहतो, असा त्यांचा सिद्धांत. पुढे २०१९ साली ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तिघा अभ्यासकांनी अमेरिकी कंपन्यांतल्या विक्री विभागांची आकडेवारी तपासली. जास्त विक्री करणाऱ्याला बढती मिळण्याची शक्यता जास्त होती, पण तो मॅनेजर झाल्यावर त्याच्या हाताखालच्यांची कामगिरी इतरांच्या तुलनेत खालावत होती. याउलट आधी इतरांबरोबर मिळून विक्री करण्याची सवय असलेले पुढे चांगले मॅनेजर ठरत होते. तरीही कंपन्यांचं वागणं अगदीच वेडेपणाचं नाही. चांगल्या कारागिराला डावललं तर खालच्यांना वाटतं, इथे कामाची किंमतच नाही. म्हणून बढती त्यालाच द्यावी, पण त्याला नवा धंदा शिकवावाही, हे दुसरं अर्धं काम बहुतेक ठिकाणी राहून जातं.

आपल्याकडे या पदाचा इतिहास जुना आहे. मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी दावर यांनी १८५४ साली स्थापली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या गिरण्यांमध्ये कामगार आणि साहेब यांच्यामध्ये जॉबर असायचा. कामगारांतूनच वर आलेला, साच्याची नस ओळखणारा, आणि माणसं भरण्याचा अधिकार असलेला. बायकांच्या खात्यात हेच काम नाईकीण करायची. गावाकडचा माणूस मुंबईत उतरला की जॉबरच त्याला कामाला लावायचा, राहायला खोली बघून द्यायचा, अडीनडीला उसने पैसे द्यायचा. त्याबदल्यात दस्तुरी, म्हणजे ठरलेला हिस्सा, घ्यायचा. १९३१ साली ब्रिटिश सरकारच्या मजूर आयोगानं, ज्याला व्हिटली आयोग म्हणतात, या लाचखोरीवर कडक टीका केली आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. १९३५ साली मुंबईच्या गिरणीमालक संघानं बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत आणली, तीही जॉबरची पकड सैल करण्यासाठीच.

इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी मात्र जॉबरची दुसरी बाजू दाखवली. जॉबर दिसायला बलाढ्य होता, पण त्याचं बळ त्याच्या माणसांवर उभं होतं. माणसं त्याच्या मागे आली नाहीत तर गिरणीला त्याचा उपयोग नव्हता. संपाच्या वेळी तो मालकाच्या बाजूनं राहिला तर माणसं हातची जायची, माणसांच्या बाजूनं राहिला तर नोकरी. मला जॉबरच्या या अडचणीबद्दल मनापासून आपुलकी वाटते. दस्तुरी गेली, गिरण्याही गेल्या, पण ती अडचण प्रत्येक नव्या सुपरवायझरला वारशात मिळते.

कायद्यालाही ही मधली जागा ओळखावी लागली. १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती. व्यवस्थापकीय काम करणारा त्यातून वगळला जायचा, आणि देखरेखीचं काम करणारा ठरावीक पगारापेक्षा जास्त कमावत असेल तर तोही. ही मर्यादा दीर्घकाळ महिना १,६०० रुपये होती, २०१० साली ती १०,००० झाली, आणि २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० ठरली. पदाचं नाव काय आहे यापेक्षा माणूस प्रत्यक्षात मुख्यतः कुठलं काम करतो, हे न्यायालयं बघतात. बढतीच्या पत्रात हे कुणी लिहीत नाही. पण शॉपमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं की काल बरोबर घोषणा देणारा आज टेबलाच्या पलीकडे बसणार.

हे पलीकडे बसणं मराठी माणसाच्या तोंडून पहिल्याच दिवशी ऐकू येतं. शनिवारी ज्यांच्या डब्यातली चटणी मी न विचारता उचलायचो, ते सोमवारी 'साहेब' म्हणाले. थट्टेत म्हणाले की खरं, ते कळेना. मी कुणाला 'अरे' म्हणावं, कुणाला 'अहो', हाही प्रश्नच. मी सुरुवातीला आवाज जड करून बघितला. नंतर उलट टोकाला गेलो आणि पूर्वीसारखाच टवाळक्या करायला लागलो. दोन्ही फसलं. आवाजाचा प्रश्न रजेच्या अर्जांनी सोडवला. गणपतीला कोकणातली सात पोरं एकदम सुटी मागतात, सुगीत घाटावरची मागतात, आणि डिस्पॅच तर दोन्ही वेळी असतोच. पहिल्या वर्षी मी माझ्या जुन्या मित्राला आधी रजा दिली. एका शब्दानं कुणी काही बोललं नाही, पण त्या आठवड्यात ओव्हरटाइमला थांबायला कुणी तयार होईना. पुढच्या वर्षी मी जूनमध्येच कॅलेंडर भिंतीवर लावलं, मागच्या वर्षी कुणाला मिळाली ते शेजारी लिहिलं आणि त्यांना आपापसात ठरवायला सांगितलं. मित्राचं नाव त्या वर्षी यादीत खाली गेलं. तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. मला ते लागलं, आजही आठवलं की लागतं.

याहून कठीण नातं होतं सेटर मामांशी. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे, मला व्हर्नियर वाचायला त्यांनी शिकवलं, आणि माझ्याकडे डिप्लोमा होता म्हणून पद मला मिळालं. पहिले तीन महिने मी त्यांना टाळत होतो. सूचना द्यायची वेळ आली की दुसऱ्याकरवी निरोप पाठवायचो. मला तो आदर वाटायचा. त्यांना तो अपमान वाटत होता, हे मला नंतर कळलं.

आता एका जुन्या अमेरिकी गोष्टीकडे वळतो, कारण माझ्या मते पहिल्यांदा माणसं सांभाळणाऱ्यांसाठी इतकं नेटकं शिक्षण पुन्हा क्वचितच कुणी तयार केलं. १९४० साली युरोपात युद्ध पेटलेलं असताना अमेरिकी सरकारनं 'ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री' नावाचा विभाग काढला. कारखान्यांत नवखी माणसं लाखोंनी येत होती आणि त्यांना शिकवायला होते ते कालपर्यंतचे कारागीर, जे एका रात्रीत फोरमन झाले होते. या विभागाची पहिली मोठी अडचण भिंगं घासणाऱ्यांची होती. लष्कराच्या दुर्बिणींना कुशल माणसं हवी होती, आणि हे काम शिकायला वर्षं लागायची. त्यांनी ते काम बारकाईनं पाहिलं, सुटे तुकडे केले, आणि खरोखर अवघड असे काही मोजकेच क्षण वेगळे काढले. तेवढे नीट शिकवल्यावर वर्षांचं शिक्षण महिन्यांवर आलं.

या पायावर त्यांनी फोरमनसाठी अभ्यासक्रम बांधले: काम शिकवणं, माणसांशी वागणं, कामाची पद्धत सुधारणं. प्रत्येकी दहा तास, दोन-दोन तासांच्या पाच बैठका, साधारण दहा जणांचा गट. पहिल्या बैठकीत शिकवणारा एक गाठ घ्यायचा. आपल्याकडे जुन्या इलेक्ट्रिशियनना ती ठाऊक आहे: बल्बच्या होल्डरमध्ये वायरच्या दोन पदरांची आत मारतात ती, म्हणजे वायर ओढली तरी स्क्रूवर ताण येत नाही. शिकवणारा आधी ती गाठ नुसती तोंडानं समजावून सांगायचा. कुणालाच जमायची नाही. मग न बोलता नुसती करून दाखवायचा. तरी जमायची नाही. खोलीतल्या प्रत्येक फोरमनला तिथे आपला चेहरा दिसायचा, कारण शॉपमध्ये तो रोज या दोनपैकीच एक करत होता. मग चार पायऱ्या यायच्या: शिकणाऱ्याची तयारी करून घ्या, एकेक टप्पा सांगा आणि दाखवा, नेमक्या कळीच्या गोष्टींवर बोट ठेवून, त्याच्याकडून करून घ्या, करताना बोलायला लावा, मग त्याला सोडा, पण अधूनमधून बघत राहा. आणि माणूस शिकला नाही तर दोष शिकवणाऱ्याचा, हे या अभ्यासक्रमाचं मुख्य सूत्र.

१९४५ साली हा विभाग बंद झाला तोवर १६,००० हून अधिक कारखान्यांतल्या सुमारे साडेसतरा लाख सुपरवायझरांनी हे शिक्षण घेतलं होतं. अमेरिकेत त्याचा विसर पडला. जपाननं मात्र युद्धानंतर ते उचललं, आणि टोयोटात काम शिकवण्याची पद्धत त्यातूनच घडली.

मी ही पद्धत एका जुन्या पुस्तिकेत वाचली आणि बोरिंगवरच्या त्या पोरासाठी कागद करायला बसलो. डावीकडे टप्पे, उजवीकडे कळीच्या गोष्टी, म्हणजे ज्यावर जॉब बरा-वाईट ठरतो, ज्यानं दुखापत होऊ शकते, किंवा ज्यानं काम सोपं जातं. तासाभरानं कागदावर चारच ओळी होत्या: गेज रिंगवर झिरो कर, जॉब मोज, ऑफसेट दे, पुन्हा मोज. साडेसहा वर्षांचं ज्ञान चार ओळींत कसं मावलं? मावलं नव्हतंच. ते हातात होतं, जिभेवर येत नव्हतं. शेवटी कागद घेऊन मामांकडे गेलो. तीन महिन्यांत पहिल्यांदा थेट गेलो.

त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, "गरम जॉब मोजू नको, हे कुठंय?" नव्हतंच लिहिलेलं. पोलादाचा ४२ मिलिमीटरचा बोअर २० अंशांनी जास्त तापलेला असला तर साधारण १० मायक्रॉननं मोठा दिसतो. २५ मायक्रॉनच्या सवलतीतले १० तिथेच गेले. मशीनमधून काढल्याकाढल्या मोजलं तर माप छान दिसतं, आणि जॉब थंड झाला की खाली जातं. मी इतकी वर्षं जॉब मोजण्याआधी ट्रेमध्ये ठेवून पुढचा लोड करत होतो, पण का करतो हे मला कुणी विचारलं नव्हतं. मामांनी आणखी दोन गोष्टी घातल्या. इनसर्ट झिजतो तसा बोअर लहान होत जातो, म्हणून एका जॉबवर ऑफसेट बदलायचा नाही, पाच जॉबचा कल बघायचा. आणि ऑफसेट देताना नेहमी थोडा कमीच द्यायचा, कारण लहान राहिलेला बोअर पुन्हा फिरवता येतो, मोठा झालेला भंगारात जातो. त्या दिवसापासून नव्या पोरांचं शिक्षण मामांकडे गेलं. मी ते मॅनेजरांसमोर, शिफ्टच्या मीटिंगमध्ये, त्यांचं नाव घेऊन जाहीर केलं. हा उपकार नव्हता. ते काम त्यांच्याइतकं चांगलं मला येत नव्हतं.

शिकवण्याबरोबर आणखी एक सवय मोडावी लागली: 'बघतो' म्हणण्याची. कुणी येऊन म्हणतो, "साहेब, कूलंटचा वास येतोय." मी म्हणतो, "बघतो." कूलंट तेच, टाकी तीच, पण त्या शब्दासरशी काम त्याच्या खांद्यावरून माझ्या खांद्यावर आलं. विल्यम ऑन्कन आणि डोनाल्ड वास यांनी १९७४ साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूमध्ये अशा कामाला माकड म्हटलं होतं. हाताखालच्याच्या पाठीवरचं माकड उडी मारून साहेबाच्या पाठीवर बसतं, आणि संध्याकाळी साहेबाची पाठ माकडांनी भरून जाते. एका शिफ्टला मी डायरीत माझे 'बघतो' मोजले. सतरा भरले. त्यातली चार कामं खरोखर माझी होती. उरलेल्या तेरांना "तुला काय वाटतं, काय करावं?" एवढं विचारलं असतं तर निम्मी तिथेच सुटली असती. असं विचारायला सुरुवात केली तेव्हा पहिले काही दिवस पोरांना वाटलं, साहेब काम टाळतोय. कूलंटवाल्यानं मात्र सांगितलं की शनिवार-रविवार पंप बंद राहतो म्हणून टाकी नासते. मला ते माहीतच नव्हतं.

आणि एक गोष्ट मला वेळीच कळली असती तर खूप नुकसान वाचलं असतं. माझ्या शिफ्टचं रिजेक्शन पहिल्या दोन महिन्यांत कमी झालं, आणि मी त्याचं श्रेय घेत होतो. मग चिप्सची ट्रॉली रिकामी करताना खाली दडवलेले अकरा जॉब सापडले. मी पूर्वी रिजेक्शनवर ओरडायचो, म्हणून ते माझ्यापर्यंत येणं बंद झालं होतं. एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात हॉस्पिटलांमधल्या औषधांच्या चुका अभ्यासल्या तेव्हा त्यांना वाटलं होतं, चांगल्या टीमच्या चुका कमी असतील. आकडे उलट निघाले. चांगल्या टीमच्या नोंदीत चुका जास्त होत्या, कारण तिथल्या नर्सना त्या सांगायची भीती वाटत नव्हती. मी ट्रॉलीतले अकरा जॉब टेबलावर मांडले, कुणी लपवले ते विचारलं नाही, आणि त्या आठवड्यापासून सकाळच्या मीटिंगमध्ये कालचा पहिला खराब जॉब दाखवणाऱ्याचं ऐकून घेऊ लागलो. पुढच्या महिन्यात नोंदीतलं रिजेक्शन वाढलं. मॅनेजरांनी मला केबिनमध्ये बोलावलं, आणि ट्रॉलीची हकिगत त्यांना पटवून देणं मला सगळ्यात जड गेलं. वरच्यांना खरं सांगणं हाही या नव्या धंद्याचाच भाग आहे, आणि त्याचं शिक्षण तर त्या अमेरिकी अभ्यासक्रमांतही नव्हतं.

सहा महिन्यांनी बोरिंगचं माप पुन्हा खाली यायला लागलं. पोरानं हाक मारली नाही, नुसतं माझ्याकडे बघितलं. मी जाऊन शेजारी उभा राहिलो, हात खिशात घालून. त्यानं जॉब ट्रेमध्ये थंड व्हायला ठेवला, गेज रिंगवर झिरो केलं, मागचे पाच आकडे बोट ठेवून वाचले आणि ऑफसेट दिला. जरा जास्त दिला. पहिला जॉब वरच्या मर्यादेच्या तीन मायक्रॉन पुढे गेला. माझा उजवा हात खिशातून अर्धा बाहेर आला होता. त्यानं तो जॉब लाल पेटीत टाकला, वहीत लिहिला, ऑफसेट थोडा मागे घेतला. दुसरा मापात आला. मला चार मिनिटं लागली होती, त्याला चौदा लागली. तोवर मी पलीकडच्या मशीनची इनसर्टची चिठ्ठी सही करून स्टोअरकडे निघालो होतो.